पत, जामीन आणि उधारी

८ मार्च १९६५ रोजी सकाळी दक्षिण व्हिएतनाममधल्या डा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले. शस्त्रे सज्ज ठेवून, लाटांतून धावत ते वाळूवर आले, तर समोर शत्रू नव्हताच. पांढऱ्या पोशाखातल्या शाळकरी मुली फुलांच्या माळा घेऊन उभ्या होत्या आणि छायाचित्रकारांची गर्दी झाली होती. त्या दिवशी आलेले सैनिक साधारण साडेतीन हजार. त्यांचे काम एवढेच, की जवळच्या विमानतळावर पहारा द्यायचा.

यानंतर दोनच आठवड्यांनी, २४ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये संरक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्याने आपल्या मंत्र्यांसाठी एक टिपण लिहिले. अधिकाऱ्याचे नाव जॉन मॅकनॉटन, मंत्री रॉबर्ट मॅकनमारा. मॅकनमारा फोर्ड मोटार कंपनीचे अध्यक्षपद सोडून सरकारात आलेले. जे मोजता येत नाही त्याच्यावर त्यांचा फारसा विश्वास नसे. मॅकनॉटन हार्वर्डचे कायद्याचे माजी प्राध्यापक. मुद्दे कलमवार मांडण्यात त्यांचा हातखंडा. साहजिकच, अमेरिका व्हिएतनाममध्ये कशासाठी लढत आहे या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी टक्केवारीत दिले. मानहानीकारक पराभव टाळण्यासाठी ७० टक्के. दक्षिण व्हिएतनाम आणि शेजारचा मुलूख चीनच्या हाती पडू नये म्हणून २० टक्के. दक्षिण व्हिएतनामच्या लोकांना अधिक चांगले, अधिक मोकळे जगता यावे म्हणून १० टक्के. मित्राला मदत करणे हा उद्देश नाही, हेही त्यांनी खाली स्पष्ट लिहून ठेवले.

पहिल्या कलमापुढे कंसात एक खुलासा होता. पराभवाने धक्का बसणार तो कशाला? तर जामीनदार म्हणून अमेरिकेची जी ख्याती आहे, तिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका जगातल्या चाळीसेक देशांना जामीन राहिली होती. एका ठिकाणी जामीनदाराने हात वर केले, तर बर्लिनपासून टोकियोपर्यंत कोण भरवसा ठेवणार, हा त्यांचा प्रश्न होता.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: पत. माणसाचा शब्द बाजारात चालतो तीही पत, आणि वाण्याच्या वहीत त्याच्या नावावर जितकी उधारी लिहिली जाते तीही पतच. अमेरिकेचे व्हिएतनाम युद्ध पहिली पत राखायला सुरू राहिले आणि दुसरीच्या जोरावर चालले. दोन्ही एकमेकींना कशा खाऊन बसल्या, त्याची ही हकिगत.

*

या प्रकरणाची सुरुवात मात्र वेगळीच होती. १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकी गुप्तचर संघटनेची एक तुकडी उत्तर व्हिएतनामच्या जंगलात हो चि मिन्ह यांच्या गनिमांना जपान्यांविरुद्ध लढायला शिकवत होती. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने. त्यांनी अध्यक्ष ट्रुमन यांना पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. फ्रान्सला आपली वसाहत परत हवी होती, आणि युरोपात रशियाला रोखायचे तर अमेरिकेला फ्रान्स हवा होता. हनोईचा निकाल पॅरिसच्या सोयीने लागला.

१९४९ मध्ये चीनमध्ये माओंचे राज्य आले आणि चीन गमावला कोणी, या प्रश्नावरून वॉशिंग्टनमध्ये एकमेकांची उणीदुणी निघू लागली. त्या धास्तीने पुढच्या वर्षी फ्रेंचांना व्हिएतनाममध्ये अमेरिकी मदत सुरू झाली. सुरुवातीची रक्कम एक कोटी डॉलरच्या आसपास होती. १९५४ पर्यंत त्या युद्धाचा जवळपास ८० टक्के खर्च अमेरिका उचलत होती. मरत होते ते फ्रेंच, त्यांच्या वसाहतींमधले शिपाई आणि व्हिएतनामी.

७ एप्रिल १९५४ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पत्रकारांना सोंगट्यांची उपमा दिली: ओळीत उभी केलेली पहिली सोंगटी पडली की शेवटची पडायला वेळ लागत नाही. उपमा जगभर गाजली, पण त्याच उत्तरात त्यांनी बोलून दाखवलेला व्यवहार मागे पडला. या भागातले कथील, टंगस्टन आणि रबर यांचा उल्लेख त्यांनी केला होता. जपानचीही गोष्ट काढली होती. युद्धात बेचिराख झालेल्या जपानला व्यापारासाठी कुठेतरी बाजारपेठ लागणार. आग्नेय आशिया मिळाला नाही, तर तो साम्यवादी चीनकडे वळणार. म्हणजे व्हिएतनाममध्ये अमेरिकेचा जीव गुंतला होता तो व्हिएतनामसाठी कमी आणि जपानसाठी जास्त.

महिन्याभरात दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला. जिनिव्हात तह झाला, १७ व्या अक्षांशावर देश तात्पुरता दुभागला गेला आणि १९५६ मध्ये एकत्रित निवडणूक घ्यायचे ठरले. तहाच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड हे दुसरे दोन सदस्य. निवडणूक झालीच नाही. हो चि मिन्ह जिंकणार हे सायगावला आणि वॉशिंग्टनलाही ठाऊक होते. दक्षिणेत न्गो दिन्ह दिएम यांचे सरकार अमेरिकी पैशावर उभे राहिले. केनेडी सत्तेवर आले तेव्हा तिथे अमेरिकेचे सुमारे नऊशे लष्करी सल्लागार होते. १९६३ च्या अखेरीस ते सोळा हजार झाले होते. त्या नोव्हेंबरात दिएम यांचा त्यांच्याच सेनापतींनी वॉशिंग्टनच्या मूकसंमतीने पाडाव केला आणि ते मारले गेले. तीन आठवड्यांनी डॅलसमध्ये केनेडींचा खून झाला, आणि हा वारसा लिंडन जॉन्सन यांच्या पदरात पडला.

*

जॉन्सन यांना हे युद्ध हौसेने हवे होते असे म्हणता येत नाही. त्यांचे टेलिफोनवरचे संभाषण ध्वनिमुद्रित होत असे आणि त्या फिती आज कोणालाही ऐकता येतात. २७ मे १९६४ रोजी ते आपले सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी बोलत आहेत. व्हिएतनामची मला किंमत काय, लाओसची काय, या देशाला तरी काय, असे ते चिडून विचारतात. लढावे अशा लायकीचे ते नाही, पण बाहेरही पडता येत नाही, असेही म्हणतात. धरले तर चावते, सोडले तर पळते! सोडले तर चीनच्या वेळी ट्रुमन यांची जी गत झाली तीच आपली होईल आणि गरिबी हटवण्याच्या, कृष्णवर्णीयांना हक्क देण्याच्या आपल्या साऱ्या योजना विरोधक बुडवतील, ही त्यांची खरी भीती होती.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोन हल्ले झाल्याचे जाहीर झाले. २ ऑगस्टचा खरा होता. ४ ऑगस्टचा झालाच नव्हता. तरीही ७ तारखेला संसदेने अध्यक्षांना हवी ती कारवाई करण्याची मुभा दिली. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. एवढ्या मोठ्या युद्धाला रीतसर घोषणा कधी मिळाली नाही; जे काही मिळाले ते हेच.

आत बसलेल्यांपैकी एकाने पुढचे सगळे आधीच पाहिले होते. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांनी १ जुलै १९६५ रोजी अध्यक्षांना लिहिले, की मोठी फौज एकदा उतरली आणि तिचे सैनिक मोठ्या संख्येने मरू लागले, की माघारीचा रस्ता बंद होईल; मग उद्दिष्ट पुरे झाल्याशिवाय थांबणे हीच नामुष्की वाटेल. वाघावर बसल्यावर उतरायची जागा आपल्याला निवडता येत नाही, हे तर त्यांनी आदल्या वर्षीच बजावले होते. त्यांचे म्हणणे अध्यक्षांनी ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले.

२८ जुलै १९६५ रोजी जॉन्सन यांनी व्हिएतनाममधली फौज ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचे जाहीर केले. महिन्याची सक्तीची भरती १७ हजारांवरून ३५ हजारांवर गेली. देश दूरचित्रवाणीसमोर बसतो ती संध्याकाळची वेळ त्यांनी टाळली. भर दुपारी, पत्रकार परिषदेत, इतर विषयांच्या सोबतीने ही घोषणा झाली. राखीव सैनिकांना बोलावणे नाही, आणीबाणी नाही, नवा कर नाही. दोन दिवसांनी ते मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी गेले आणि वृद्ध ट्रुमन यांच्या साक्षीने त्यांनी ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली. पुढच्या आठवड्यात कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या कायद्यावर सही झाली. युद्धाचा खरा खर्च संसदेपुढे ठेवला असता तर या योजनांवरच कुऱ्हाड पडली असती. म्हणून ताकाला जाऊन भांडे लपवायचे ठरले.

*

भांडे लहान नव्हते. १९६५ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये एक लाख ८४ हजार अमेरिकी सैनिक होते, पुढच्या वर्षी पावणेचार लाखांच्या वर, १९६७ च्या शेवटी पावणेपाच लाखांच्या वर; एप्रिल १९६९ मध्ये हा आकडा पाच लाख ४३ हजारांवर पोचला. दक्षिण व्हिएतनाममध्ये मोठी जहाजे लागतील असे एकच धड बंदर होते, सायगावचे, आणि तिथे जहाजे नदीत आठवडेच्या आठवडे ताटकळत. म्हणून काम रान्ह या जागी ओसाड वाळूवर नवे बंदर उभारले. त्याचे धक्के तरंगते करून समुद्रातून ओढत आणले गेले. तिथे धावपट्ट्या झाल्या, गोदामे झाली, शीतगृहे झाली.

माल हलवण्याची कोंडी फुटली ती माल्कम मॅकलीन नावाच्या उद्योजकामुळे. मालमोटारींच्या धंद्यातून आलेल्या या गृहस्थाने माल पोलादी पेट्यांत बंद करून पेटीच जहाजावर चढवायची पद्धत काढली होती. आज ज्याला कंटेनर म्हणतात ते हेच. १९६७ पासून त्याच्या सी-लँड कंपनीची जहाजे युद्धसामग्री घेऊन व्हिएतनामला जाऊ लागली. जाण्यायेण्याच्या दोन्ही फेऱ्यांचे भाडे सरकार भरत होते, परतीच्या पेट्या मात्र रिकाम्या. मॅकलीनने जहाजे वाटेत जपानला थांबवली आणि त्या पेट्यांत दूरचित्रवाणी संच, रेडिओ भरून अमेरिकेच्या बाजारात आणले. जपानला बाजारपेठ हवी म्हणून आयसेनहॉवर आग्नेय आशियाची काळजी करत होते. जपानला बाजारपेठ मिळाली, पण ती अमेरिकेचीच, आणि आणण्याचे भाडे अमेरिकी करदात्याने आधीच चुकते केलेले. दक्षिण कोरियानेही तीन लाखांवर सैनिक आळीपाळीने पाठवले, त्याबदल्यात डॉलर मिळवले, आणि ह्युंदाईसारख्या कंपन्यांना परदेशी बांधकामांचा सराव इथे झाला. एखाद्या युद्धात जिंकणारे कोण हे लढणाऱ्यांतच शोधायचे नसते.

हिशेबाची दुसरी बाजू वॉशिंग्टनमध्ये लिहिली जात होती. अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख गार्डनर अॅक्ली यांनी डिसेंबर १९६५ मध्ये कर वाढवा असे सांगितले. जॉन्सन यांनी ऐकले नाही. जानेवारी १९६६ मध्ये पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक आले, तेव्हा युद्धखर्चाचा अंदाज हजार कोटी डॉलरचा होता. तो एका गृहीतावर उभा होता: ३० जून १९६७ रोजी, म्हणजे आर्थिक वर्ष संपेल त्याच दिवशी, युद्धही संपेल. रणांगणावर कोणालाही ही तारीख ठाऊक नव्हती. प्रत्यक्ष खर्च दोन हजार कोटींच्या घरात गेला. १९६५ मध्ये दीड-पावणेदोन टक्के असलेली महागाई १९६९ पर्यंत साडेपाच टक्क्यांवर चढली. १० टक्के अधिभाराचा कायदा झाला तो जून १९६८ मध्ये, संसदेने सामाजिक खर्चात कपात करून घेतल्यावर. त्या वर्षीची तूट अडीच हजार कोटींची होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये हेच सांगितले होते: गरिबांच्या योजनांसाठीची माणसे, कसब आणि पैसा हे युद्ध शोषून घेत आहे.

कर जसा लपवला तशी माणसेही निवडून घेतली. महाविद्यालयात शिकणाऱ्याला भरतीतून सवलत होती. ज्याच्या बापाकडे शिकवायला पैसा नव्हता, तो जाई. १९६६ मध्ये मॅकनमारांनी बुद्धिमापन चाचणीत पूर्वी नापास ठरणाऱ्यांनाही घ्यायची योजना आणली आणि सुमारे साडेतीन लाख तरुण त्या वाटेने सैन्यात आले. त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते. १ डिसेंबर १९६९ रोजी काचेच्या बरणीतल्या ३६६ निळ्या डब्यांमधून भरतीसाठी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या, पहिली निघाली १४ सप्टेंबर, तेव्हा कुठे मध्यमवर्गाच्या घरातही हे युद्ध शिरले.

ज्या देशासाठी हे चालले होते, त्याचा हिशेब वेगळ्या एककात करावा लागतो. १९६१ ते १९७१ या काळात विमानांतून सुमारे सात कोटी लिटर रानमार औषधे जंगलांवर आणि पिकांवर फवारली गेली. त्यांतल्या डायॉक्सिनचे परिणाम पुढच्या पिढ्यांत दिसले. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया मिळून सत्तर लाख टनांहून जास्त बाँब पडले, दुसऱ्या महायुद्धात साऱ्या दोस्तांनी टाकले त्याच्या दुपटीच्या घरात. एकट्या लाओसवर वीस लाख टन. नऊ वर्षे दर आठ मिनिटांना एक विमानभर, अशी त्याची सरासरी पडते. त्यातले न फुटलेले छोटे बाँब शेतात अजून सापडतात आणि नांगर लागला की फुटतात. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार आपले अकरा लाख सैनिक आणि जवळपास वीस लाख नागरिक मेले. दक्षिणेच्या फौजेतले दोन लाखांहून अधिक यात धरलेले नाहीत. मॅकनॉटन यांच्या टिपणातले शेवटचे दहा टक्के या माणसांच्या नावावर मांडलेले होते.

*

या पत राखण्याची झळ थेट आपल्या ताटापर्यंत आली होती. १९६५ आणि १९६६, ओळीने दोन वर्षे पाऊस चुकला. १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले. त्यातले बहुतेक अमेरिकेचे, पीएल-४८० या कायद्याखाली रुपयांत मिळणारे. मुंबईत रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला तो तांबडा गहू अजून आठवतो. आधी हे करार वर्षावर्षांचे असत. १९६५ पासून जॉन्सन यांनी गव्हाची दोरी स्वतःच्या हातात आखूड धरली. महिन्यामहिन्याने परवानगी द्यायची, जहाज सुटले की पुढच्याची वाट पाहायची. शेतीधोरण बदला, हा त्यामागचा एक आग्रह होता आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे भारताचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी अमेरिकी कृषिमंत्री फ्रीमन यांच्याशी तसा करारही केला. दुसरे कारण व्हिएतनाम. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधी यांनी बाँबफेक थांबवण्याची मागणी केली आणि मॉस्कोत सोव्हिएत नेत्यांबरोबर एक संयुक्त पत्रक काढले; त्यावर जॉन्सन संतापले. इंदिराबाई वेगळे काय बोलल्या, पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांटही तेच म्हणतात, असे अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स यांनी वॉशिंग्टनला कळवले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की पोप आणि ऊ थांट यांना आमचा गहू लागत नाही, असा किस्सा आहे. पुढे भारताने धान्यात स्वतःच्या पायावर उभे राहण्याची जी घाई केली, तिच्यामागे या आखूड दोरीचा काच होताच.

*

हिशेबातले युद्ध ३० जून १९६७ ला संपले, खरे चालूच राहिले. १९ जुलैला उत्तर कॅरोलायना राज्यात हेंडरसनव्हिलजवळ दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. एकात मॅकनॉटन, त्यांची पत्नी आणि धाकटा मुलगा होता. ते ४५ वर्षांचे होते आणि काही दिवसांत नौदलमंत्री होणार होते. मरणापूर्वी त्यांना या युद्धाबद्दल गंभीर शंका येऊ लागल्या होत्या, आणि त्यांच्या मंत्र्यांनाही. मॅकनमारांनी त्याच उन्हाळ्यात, आपण इथवर आलो कसे याचा गुप्त इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९६८ च्या शेवटी ते जागतिक बँकेत निघून गेले.

ते गेले तेव्हा सायगाव धुमसत होते. जानेवारीच्या अखेरीस, तेत या नववर्षाच्या सणात, शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर साम्यवाद्यांचे एकाच वेळी हल्ले झाले; सायगावमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारातही हल्लेखोर घुसले. लष्करी हिशेबाने हल्लेखोर हरले, त्यांची प्रचंड हानी झाली. पण विजय टप्प्यात आल्याचे महिनोन्महिने ऐकत आलेल्या अमेरिकेचा सरकारच्या शब्दावरचा विश्वास उडाला.

मार्च १९६८ मध्ये दोन्ही प्रकारची पत एकदम ढासळली. १० मार्चच्या वर्तमानपत्रात बातमी आली की सेनापती वेस्टमोरलंड यांच्यासाठी आणखी दोन लाख सहा हजार सैनिक मागितले गेले आहेत. १२ तारखेला न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी युजीन मॅकार्थी यांनी विद्यमान अध्यक्षांच्या विरोधात ४२ टक्के मते घेतली. त्याच आठवड्यात युरोपात सोन्यावर झुंबड उडाली. एक औंस सोने ३५ डॉलरला देऊ हा अमेरिकेचा शब्द होता आणि युद्धाच्या तुटीने जगभर डॉलर इतके पसरले होते की हा शब्द टिकेल असे व्यापाऱ्यांना वाटेना. अध्यक्ष द गोल यांनी तर आधीच फ्रान्सचे डॉलर देऊन सोने उचलले होते. अमेरिकेच्या विनंतीवरून १५ मार्चला लंडनचा सोन्याचा बाजार बंद ठेवावा लागला आणि १७ तारखेला मध्यवर्ती बँकांनी खुल्या बाजारात सोने विकून भाव धरून ठेवण्याचा नाद सोडला. मधल्या दिवशी, १६ मार्चला, माय लाय नावाच्या खेड्यात अमेरिकी सैनिकांनी नि:शस्त्र बायका, मुले आणि म्हातारे यांना गोळ्या घातल्या. व्हिएतनामी मोजणीत मृत ५०४. जगाला ते कळायला दीड वर्ष लागले.

नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांना दोन लाखांची मागणी कशी पुरी करायची ते सांगायला बसवले होते. त्यांनी उलट सेनापतींना विचारले, एवढे दिल्यावर तरी किती दिवसांत संपेल? कोणाला सांगता आले नाही. आणखी फौज म्हणजे आणखी कर, आणखी कपात आणि डॉलरवर आणखी ताण, असे अर्थमंत्री फाउलर बजावत होते. पाचेक महिन्यांपूर्वी लढत राहा म्हणणारे ज्येष्ठ मुत्सद्दी आणि वकील २६ मार्चला मागे फिरा म्हणाले. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी बाँबफेक आवरती घेत असल्याचे सांगितले आणि भाषणाच्या शेवटी, आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असेही.

*

तरी युद्ध आणखी पाच वर्षे चालले. निक्सन यांना माघार हवी होती, पण मानाने. आणि मान मिळेपर्यंत थांबायचे म्हणजे लढत राहायचे. त्यांच्या कारकिर्दीत फौज घरी आली, बाँबफेक कंबोडियात पोचली, आणि आणखी वीस हजारांवर अमेरिकी मेले. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला करार झाला. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेचे रणगाडे सायगावच्या राजवाड्याचे फाटक तोडून आत शिरले.

पण सत्तर टक्क्यांचा निकाल त्याआधीच, १९७१ च्या उन्हाळ्यात लागला होता. १३ जूनला न्यूयॉर्क टाइम्सने मॅकनमारांचा गुप्त इतिहास छापायला घेतला. तो बाहेर काढणारे डॅनियल एल्सबर्ग १९६५ च्या सुमारास मॅकनॉटन यांच्याच हाताखाली काम करत होते. त्या सात हजार पानांमध्ये टक्केवारीचे टिपणही होते. आपली मुले कशासाठी मेली याचे सरकारी उत्तर लोकांना असे वाचायला मिळाले. दोन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, रविवारी रात्री निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. याला युद्ध हे एकटे कारण नव्हते. युरोप आणि जपान सावरले होते, अमेरिकी भांडवल बाहेर जात होते, आयात वाढत होती. पण कर न लावता लढलेल्या युद्धाने उरलीसुरली गंगाजळी पातळ केली होती. जामीनदाराचा शब्द जपायला निघालेल्या देशाने आपल्या नोटेवरचा शब्द मोडला.

केवळ लढाईचा खर्च तेव्हाच्या किमतीने ११ हजार कोटी डॉलरहून जास्त होता. ५८ हजारांहून अधिक अमेरिकींची नावे वॉशिंग्टनमध्ये काळ्या दगडाच्या भिंतीवर कोरली गेली. जे परतले त्यांची निवृत्तिवेतने आणि रानमार औषधांच्या आजारांची भरपाई अजून चालू आहे. या भरपाईचा कायदाच व्हायला १९९१ उजाडले.

यातून अमेरिकेने एक धडा घेतला. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली, आणि संसदेने निक्सन यांचा नकाराधिकार डावलून अध्यक्षांच्या युद्धाधिकाराला वेसण घालणारा कायदा केला. वेसण सैलच राहिली. सक्ती गेल्याने मात्र युद्ध घराघरात शिरण्याचे थांबले. २००१ नंतर अफगाणिस्तान आणि इराक ही दोन युद्धे लढताना तर कर वाढवायच्या ऐवजी कमीच केले गेले. खर्च सगळा कर्जावर. जॉन्सन यांनी जे लपतछपत केले, ते आता राजरोस करता येत होते. अफगाणिस्तानचे युद्ध वीस वर्षे चालले, व्हिएतनामपेक्षा लांब. ज्याची चिठ्ठी निघत नाही आणि ज्याच्या पगारातून काही कापले जात नाही, तो युद्ध थांबवा म्हणून रस्त्यावर कशाला उतरेल?

आणि त्या टिपणातले वीस टक्के? दक्षिण व्हिएतनाम साम्यवाद्यांच्या हाती गेले, शेजारचे लाओस आणि कंबोडियाही गेले. सोंगट्यांची ओळ तिथेच थांबली. चीनच्या हाती तर काहीच पडले नाही. १७ फेब्रुवारी १९७९ रोजी चिनी फौजा व्हिएतनाममध्ये घुसल्या आणि अमेरिकेला हरवणाऱ्या त्याच देशाने त्यांना महिनाभर सीमेवर झुंजवले. अमेरिकी फौजेला जे राखायला पाठवले होते, ते व्हिएतनामी स्वतःच राखत होते, हजार वर्षांच्या जुन्या वैराच्या सवयीने.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका कार्ल व्हिन्सन डा नांगला आली. युद्धानंतर त्या देशात आलेली ही पहिली विमानवाहू नौका. दक्षिण चिनी समुद्रात चीनचा जोर वाढला होता आणि पाहुणीचे येणे हनोईच्या पसंतीने झाले होते. नौकेवरचे पाच हजारांवर खलाशी टप्प्याटप्प्याने शहरात उतरले, त्यांच्या वाद्यवृंदाने गाणी वाजवली आणि ते अनाथालयाला भेट देऊन आले. जिथे त्रेपन्न वर्षांपूर्वी, मार्च महिन्यातच, मरीन सैनिक वाळूतून धावत वर आले होते, त्याच शहराने त्यांना या खेपेला बोलावून घेतले होते.